निळ्या लूपवरचा पंप

माझ्या मावसबहिणीला अपूर्णांक मी शिकवले. ती चौथीत होती आणि मी अकरावीत. विश्रांतवाडीत आमच्या आणि मावशीच्या घरात एका गल्लीचं अंतर होतं. संध्याकाळी ती पाटी-वही घेऊन यायची आणि भाकरीचे तुकडे केल्याशिवाय तिला छेद-अंश कळायचे नाहीत. पुढे बारावीनंतर तिचा इंजिनिअरिंगचा फॉर्मही मीच भरला. माझ्या वेळी मुलीने इंजिनिअर व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कुठे अर्ज करायचा, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडील नागपूरकडून येऊन खडकीच्या कारखान्यात लागलेले. शेजारच्या बाईंनी रक्त-लघवी तपासण्याचा डिप्लोमा केला होता, म्हणून मीही तोच केला. सात वर्षांनी तिची वेळ आली तोवर काय करायचं ते मला कळलं होतं, आणि ते तिच्या कामी आलं.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ इथेच कुठेतरी आहे. तेव्हा तिच्याबद्दल मनात काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी धायरीजवळच्या एका शेडमध्ये नोकरीला होते. एका निवृत्त प्राध्यापकांनी काढलेली छोटी कंपनी होती. सगळे त्यांना सर म्हणत. सरांना रक्ताचा पंप बनवायचा होता. एखाद्याचं हृदय आणि फुफ्फुसं आजाराने पार थकली, तर काही दिवस त्यांचं काम बाहेरून करायचं. रक्त शरीरातून बाहेर काढायचं, यंत्रात त्याला प्राणवायू द्यायचा आणि पंपाने परत आत ढकलायचं. तोवर आतल्या अवयवांना विश्रांती. असे पंप परदेशातून येत. सरांचं म्हणणं, आपण का करू नये. तो काळच तसा होता. शहराच्या एका टोकाला हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ज्याला त्याला आपण काहीही करू शकतो असं वाटत होतं.

माझं काम पंप तपासण्याचं. चाचणीच्या दिवशी पहाटे कत्तलखान्यात जाऊन निर्जंतुक कॅनमध्ये म्हशीचं रक्त घ्यायचं. कॅनमध्ये ते गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेलं असे. शेडमध्ये आणून ते गाळायचं आणि लूपमध्ये भरायचं. लूप म्हणजे एक पिशवी, प्लास्टिकच्या नळ्या, मध्ये पंप, आणि हे सगळं शरीराइतक्या उबेच्या पाण्यात. असे दोन लूप शेजारी शेजारी होते. एकाच्या नळ्यांवर लाल पट्टी चिकटवलेली, दुसऱ्याच्या निळी. एकावर परदेशी पंप, दुसऱ्यावर आमचा. सहा तास रक्त फिरवायचं. दर तासाला थोडं काढून यंत्रात गरगर फिरवलं की जड पेशी तळाला बसतात आणि वर पाणी येतं. ते पाणी ताकावरच्या निवळीसारखं पिवळसर असलं तर पंप चांगला. पंपाने पेशी फोडल्या असतील तर तेच पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं.

आठ वर्षं मी ते पाणी बघत होते. आमचे पंप येत होते आणि सरबत करून जात होते.

या आठ वर्षांत मला एक गोष्ट दिसली होती. चाचणी झाली की पंप उघडून धुणं हेही माझंच काम. दर वेळी आतल्या फिरत्या चकतीच्या खाली, दांड्याभोवती, काळपट गुठळीचं कडं जमलेलं असे. लहान मुलीच्या बांगडीएवढं. म्हणजे चकतीच्या खालचं रक्त तिथेच अडकून रगडलं जात होतं. मी सरांना एकदा म्हटलं, "सर, चकतीला वरून भोकं पाडली तर खालचं रक्त हलतं राहील का?" सर कागदात बघत होते. म्हणाले, "हं." पुढे तो विषय निघाला नाही. मीही पुन्हा काढला नाही.

मावसबहीण तेव्हा हिंजवडीत एका कंपनीत होती. अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेसाठी प्रोग्रॅम लिहायची. सकाळी कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी यायची आणि मावशी ती बस दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहायची. एका रविवारी विहारातून येताना ती मला म्हणाली, "ताई, कंटाळा आलाय गं. मी मेकॅनिकल शिकले आणि दिवसभर दुसऱ्यांचे खाते क्रमांक बघते." मी तिला सहज आमच्या पंपाबद्दल सांगितलं. तिने खूप प्रश्न विचारले. कुणी मला माझ्या कामाबद्दल इतके प्रश्न कधी विचारले नव्हते. मी फुलून सांगत गेले, बांगडीएवढ्या त्या काळ्या कड्याबद्दलही सांगितलं. पुढच्या शनिवारी शेड बघायला घेऊन गेले. महिन्याभरात तिने नोकरी सोडली आणि सरांकडे रुजू झाली.

सुरुवातीला मजा वाटली. ती स्कूटीवरून यायची आणि मला मागे बसवायची. त्याआधी मी दोन बस बदलून जायचे. विश्रांतवाडी ते धायरी म्हणजे सगळं पुणं ओलांडून जायचं. वाटेत ती मान किंचित मागे करून बोलत राहायची आणि वाऱ्यात निम्मं ऐकू यायचं नाही.

मग एकेक गोष्ट खुपायला लागली. सर मला आठ वर्षं "तुम्ही" म्हणत. तिला तिसऱ्या आठवड्यात "तू" म्हणाले. "तू हे बघ", "तुला काय वाटतं". मला काय वाटतं हे मला कुणी विचारलेलं आठवत नव्हतं. आदराचं "तुम्ही" इतकं परकं असतं हे मला तेव्हा कळलं.

तिने कॉम्प्युटरवर पंपाचं आतलं चित्र काढलं. रक्त कुठून कसं वाहतं ते निळ्या-पिवळ्या रेषांत दिसत होतं. चकतीच्या खाली एक गडद लाल डाग होता. सरांनी सगळ्यांना बोलावलं. ती म्हणाली, "इथे रक्त साचतंय. चकतीला तीन भोकं पाडली तर ते धुतलं जाईल. हे ताईनेच मला सांगितलं होतं, मी फक्त मांडून बघितलं."

तिने माझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं. सर म्हणाले, "वा, वा," आणि पडद्याकडे बघत राहिले. माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही. तिने ते लपवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. ताटात वाढल्यासारखं तिने माझं मलाच दिलं, आणि त्या दिवसापासून मी तिचा हेवा करायला लागले. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "बघ, किती मोठ्या मनाची आहे." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नवी चकती बनून यायला काही आठवडे लागणार होते. त्या काळात निळ्या लूपमधला एक स्टीलचा कनेक्टर, म्हणजे दोन नळ्या जोडणारा बोटाएवढा तुकडा, तडकला. बदली तुकडा कसबा पेठेतल्या एका कारागिराकडून करून घेतला. त्याला नमुना म्हणून तो तडकून चेपलेला तुकडाच दिला होता, त्यामुळे त्याने तसाच बनवला. तो आतून किंचित अरुंद होता आणि एका कडेला पायरी होती. करंगळी घातली की नखाला लागायची. पाण्यावर चाचणी घेतली तेव्हा काही फरक पडला नाही. मग मी माझ्या सवयीप्रमाणे परदेशी पंप आधी लाल लूपवर आणि मग निळ्यावर लावून रक्तावर बघितला. निळ्यावर पाणी गुलाबी आलं. तोच पंप, तेच रक्त. दोष त्या कनेक्टरचा होता.

मी ते माझ्या कच्च्या वहीत लिहिलं. सर बंगळूरला गेले होते. आल्यावर सांगू म्हटलं. सर आले आणि आल्याआल्या तिला घेऊन केबिनमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. तिसऱ्या दिवशी मला कळलं की आपण सांगणार नाही आहोत.

चाचणीच्या दिवशी सर म्हणाले, "नवा पंप निळ्यावर लावा, परदेशी लालवर." मी लावला. एरवी मी तीन तासांनी पंपांची अदलाबदल करत असे, म्हणजे लूपचा दोष असला तर तो पकडला जातो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, माझी मीच घालून घेतलेली शिस्त होती. त्या दिवशी मी ती पाळली नाही. सहाव्या तासाला दोन नळ्या स्टँडवर ठेवल्या. एक पिवळी, एक लाल.

तिने लाल नळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाली, "ताई, जोडण्या सगळ्या नीट होत्या ना?"

"मी स्वतः केल्यात," मी म्हटलं.

हे खरंच होतं. मी स्वतः केल्या होत्या.

सर म्हणाले, "पुन्हा करा." पुन्हा केली. पुन्हा लाल. तिने भोकं लहान केली, नवी चकती मागवली. लाल. भोकं तिरकी केली. लाल. अडीच महिन्यांत चार चकत्या झाल्या. चारही मी निळ्या लूपवर लावल्या. लाल लूपवरचा परदेशी पंप दर वेळी पिवळंधमक पाणी देत शेजारी फिरत होता.

मला आनंद होत होता हे मी नाकारणार नाही. तो मोठा आनंद नव्हता. खाज सुटली की खाजवल्यावर वाटतं तसा होता, आणि लगेच आग व्हायची. सर तिच्याशी कमी बोलायला लागले. एकदा ते तिला "तुम्ही" म्हणाले. मी तो शब्द दिवसभर मनात घोळवला.

आणि रोज सकाळी मी तिच्याच स्कूटीवर मागे बसत होते. ती आता मान मागे करून बोलत नव्हती. वाळली होती. शिवाजीनगरच्या सिग्नलला थांबलो असताना एकदा म्हणाली, "ताई, मी गणितात कुठेतरी चुकतेय. तू मला लहानपणी सांगायचीस ना, उत्तर चुकलं तर पहिल्या ओळीपासून बघ. मी पहिल्या ओळीपासून बघतेय. सापडत नाही." मी म्हटलं, "सापडेल." सिग्नल सुटला.

ती आमच्याकडे जेवायला आली की आई तिला आग्रह करून वाढायची आणि ती गेल्यावर मला म्हणायची, "तिला मदत कर गं. तू मोठी आहेस." मी भांडी घासायला उठायचे.

मग तिच्या जुन्या कंपनीतून फोन आला. ते तिला परत घ्यायला तयार होते, वर्षभर परदेशी पाठवणार होते. तिने मला शेडबाहेरच्या टपरीवर चहा पिताना सांगितलं. "सोमवारी सरांना सांगते. मला हे जमणारं नाही, ताई. आपलं आपल्याला कळलं पाहिजे." मी चहा पीत राहिले. मला हवं होतं तेच होत होतं. ती जाईल, शेड परत माझी होईल. मी सोमवारची वाट बघितली.

सोमवारी मात्र ती सरांशी बोलायच्या आधीच एक डॉक्टर आले. एका मोठ्या रुग्णालयात ते हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी असली यंत्रं चालवणाऱ्यांचे प्रमुख होते. सरांनी त्यांना चकत्या दाखवल्या. मी शेजारी नमुने मोजत होते. डॉक्टरांनी एक चकती उजेडात धरून विचारलं, "ही भोकं कशासाठी?"

सर म्हणाले, "ते सोडून द्या. ती कल्पनाच मुळात चुकीची होती. आता बंद करतोय. पुन्हा साध्या चकतीवर जातो."

मी चांगुलपणाने बोलले असं इथे लिहायला मला आवडलं असतं. बहिणीचं वाळलेलं तोंड आठवलं, आईचे शब्द आठवले, असं काही. पण तसं झालं नाही. मला एवढंच ऐकू आलं की माझी कल्पना चुकीची होती. आठ वर्षं पंप धुऊन धुऊन जी एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी शोधली होती, ती एका परक्या माणसासमोर कचऱ्यात चालली होती. तिचा पंप बुडवताना मी माझंच बुडवत होते, हे मला अडीच महिने दिसलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "एकदा अदलाबदल करून बघू. नवा पंप लालवर लावते, परदेशी निळ्यावर."

"आता काय उपयोग?"

"आजचं रक्त आहेच. सहा तास लागतील."

डॉक्टर म्हणाले, "करा की. मी संध्याकाळी परत येतो."

ते सहा तास ती तिच्या टेबलापाशी बसून होती. राजीनाम्याचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं, मला माहीत होतं. मी दर तासाला नमुना काढत होते. तिसऱ्या तासालाच मला दिसलं, तरी मी पुढचे नमुने काढत राहिले. संध्याकाळी स्टँडवर दोन नळ्या ठेवल्या. तिच्या पंपाचं पाणी निवळीसारखं पिवळं होतं, परदेशी पंपापेक्षाही किंचित स्वच्छ. आणि निळ्या लूपवरच्या परदेशी पंपाने सरबत केलं होतं.

डॉक्टर आले होते. सर नळ्यांकडे बघत होते. त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. त्यांनी निळ्या लूपच्या नळ्यांवरून हात फिरवत नेला आणि कनेक्टरपाशी थांबले.

"हा कधीपासून आहे?"

"चकत्या यायच्या आधीपासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

खोटं बोलता आलं असतं. मला आजच संशय आला, असं म्हणता आलं असतं आणि सर्वांनी मला शाबासकी दिली असती. खोटं का बोलले नाही ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा कच्ची वही ड्रॉवरमध्ये होती, म्हणूनही असेल.

ती उठून आली. लूप रिकामा करून तिने कनेक्टर काढला, बेसिनमध्ये धुतला आणि त्यात करंगळी घातली. नख पायरीला लागलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं.

"चार चकत्या, ताई," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढला नाही.

डॉक्टर खिडकीकडे गेले. सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "बाई, तुम्हाला म्हशीचं रक्त फिरवायला ठेवलं होतं. आमचं आटवायला नव्हे."

सरांनी मला काढलं नाही. त्या कामाला माणूस मिळणं सोपं नव्हतं, आणि पहाटे कत्तलखान्यात जायला कोण तयार होतं. पण दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक कागद लागला. प्रत्येक चाचणीत अदलाबदल सक्तीची, प्रत्येक आकड्यावर दोन सह्या. माझी शिस्त माझ्याचविरुद्ध नियम होऊन आली. ते योग्यच होतं.

तिने पत्र फाडलं. त्या संध्याकाळी मी स्कूटीपाशी गेले नाही आणि तिनेही हाक मारली नाही. मी पुन्हा दोन बस बदलायला लागले. ऑफिसात ती मला मॅडम म्हणू लागली. घरी, मावशीसमोर, ताई. मावशीला आणि आईला आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही. एकदा मी तिची माफी मागितली, विहाराच्या पायऱ्यांवर, चपला घालताना. ती म्हणाली, "मला राग नाही आला असं नाही. पण मला त्याहून जास्त काय वाटलं माहितीये? अडीच महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते. ते मला परत नाही मिळणार." मग तिने पट्टा लावला आणि निघून गेली.

पंप पुढे गेला. जनावरांवर चाचण्या झाल्या, परवानग्या झाल्या. त्यात वर्षं गेली. मी नमुने काढत राहिले आणि दुसरी सही तिची असे.

पहिल्यांदा तो पंप माणसाला लावला तेव्हा सरांनी आम्हा दोघींना त्या डॉक्टरांच्या रुग्णालयात पाठवलं. एक शिक्षिका होती, तापानंतर हृदयाला सूज येऊन ते जवळजवळ थांबलेलं. मावसबहीण काचेमागे डॉक्टरांच्या घोळक्यात पंपापाशी उभी होती, हिरव्या टोपीत. मी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये. वरून रक्ताची कुपी आली, मी ती फिरवली आणि उजेडात धरली. म्हशीचं नव्हे, माणसाचं रक्त, आणि वर स्वच्छ पिवळं पाणी.

मी वर फोन लावला. "स्वच्छ आहे," म्हटलं.

"आकडा सांगा, मॅडम."

मी आकडा सांगितला.

मग ती म्हणाली, "तिथल्या दुसऱ्या कुणाकडून पण करून घ्या. दोन सह्या."

मी रुग्णालयाच्या तंत्रज्ञ मुलीला बोलावलं. तिने पुन्हा नमुना लावला. तोच आकडा आला. मी खाली बसून विचार करत होते की वर काचेमागे मी असायला हवं होतं. इतकं सगळं होऊनही पहिला विचार तोच आला.

पाचव्या दिवशी त्या शिक्षिकेचं हृदय स्वतः चालायला लागलं आणि पंप काढला. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाहेर येऊन सांगितलं. तो माणूस समोर दिसेल त्याला हात जोडत होता. लिफ्टपाशी त्याने मलाही जोडले. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "वर जा, माझी बहीण आहे तिथे. पंप तिने केलाय."

तो पळत जिन्याकडे गेला. मी बसस्टॉपवर आले. विश्रांतवाडीची बस यायला वेळ होता.